लाल काचेवरचं कुंकू

आधी गुन्हा कबूल करते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल. एका खंडेनवमीच्या संध्याकाळी मी सात जुन्या लॅपटॉपांच्या आणि एका मोबाइलच्या डोळ्यांत कुंकू भरलं. चिमूटभर नव्हे. आधी ओली हळद, तिच्यावर कुंकू, त्यावर अक्षता, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी त्या आठांपैकी एकाला काही दिसेल तर शपथ. आणि त्याच दिवशी भंगाराचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला.

तेव्हा मी तरुण होते, बासष्ट वर्षांची. आता सत्तरी उजाडलीय, त्यामुळे त्या पोरीकडे जरा मायेनं बघता येतं. पण मूर्ख होती, त्याला काही इलाज नाही. उत्साह पोतंभर, आणि माहीत नसेल ते विचारायची सवय मात्र नाही.

यंत्राला डोळे कुठले, असं तुम्ही म्हणाल. असतात. वीसेक वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपांना आणि बटणांच्या काही फोनांना एकेक छोटी काळपट लाल काच असायची. तिच्यातून आपल्याला न दिसणारा उजेड निघतो, टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसा. दोन काचा समोरासमोर ठेवल्या की वायरीशिवाय दोघं एकमेकांशी बोलायला लागतात. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला वाटायचं, ती काच म्हणजे शोभा. साडीला काठ असतो तशी.

मी पिंपरीतल्या एका कंपनीत चोवीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. लग्न होऊन लातूरकडून आले, नवऱ्याला कारखान्यात नोकरी, मलाही बोर्डावर बसवलं. याची लाइन त्याला जोड, त्याची याला. मधे कान घालायचा नसतो. मी घालायचे. आता सांगायला काय हरकत आहे, कोण काढून टाकणार आहे? निवृत्त झाले त्या दिवशी कंपनीनं मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि माझा बोर्ड भंगारात दिला. घड्याळ अजून मागे पडतं.

त्यानंतर काही वर्षांनी थेरगावच्या आमच्या घरात माळा आवरताना मुलाचा जुना लॅपटॉप सापडला. विटेसारखा जाड, वजनानं पाटा. टाकून देण्याआधी विचारावं म्हणून डांगे चौकाच्या मागच्या बाजारगल्लीत एका दुकानात घेऊन गेले. दुकान दोघा भावांचं. पुढच्या भागात थोरला भाऊ मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकायचा, मागच्या भागात धाकटा दुरुस्ती करायचा. हा धाकटा म्हणजे आमचे मिस्त्री. चाळिशी ओलांडलेले, मुसलमान, वडील भोसरीत फिटर, त्यामुळे हात जन्मतःच स्क्रूड्रायव्हरसारखा वळलेला. मी त्यांना भाई म्हणायचे, ते मला काकू.

मिस्त्रींनी लॅपटॉप हातात घेतला आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मी दोन पावलं मागे सरकले.

"काकू, हा टाकणार होतात तुम्ही?"

"मग काय, पूजा करू?"

(बघा, कुंकवाची बुद्धी आधीपासून होती.)

त्यांनी मागच्या फळीवरचा पडदा बाजूला केला. तिथे तसलेच सहा बसले होते. चाकणच्या कंपन्यांमधून भंगारात निघालेले, मिस्त्रींनी एकेक करून उचललेले आणि बरे केलेले. एकाची बिजागरी सायकलच्या स्पोकची होती. एकाची पाच बटणं दुसऱ्या जातीची होती, दात बसवल्यासारखी. माझा धरून सात झाले.

मग त्यांनी मला ती जादू दाखवली. काउंटरवर खडूनं दोन चौकटी आखलेल्या होत्या, एक मोठी, एक लहान. मोठीत लॅपटॉप ठेवला, लहानीत बटणांचा जुना फोन. मधे वीतभर मोकळी जागा. वायर नाही, काही नाही. फोनच्या पडद्यावर एक चिन्ह लुकलुकत होतं, ते एकदम स्थिर झालं. मग लॅपटॉपनं त्या फोनवरून नंबर लावला. चांदणी, नव्याण्णव, आणि ती फुलीच्या जाळीसारखी खूण.

"हा नंबर कुणाच्या घरी लागतो?" मी विचारलं.

"घरी नाही काकू. जुन्या नेटवर्कवर. बटणवाल्या फोनांसाठी अजून चालू ठेवलंय."

"चालू आहे? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

मग पडद्यावर अक्षरं यायला लागली. भसकन नाही हं. एकेक ओळ, डावीकडून उजवीकडे, पलीकडे बसून कुणी लिहीत असल्यासारखी. मिस्त्रींनी समजावलं, की पूर्वी लोक घरच्या टेलिफोनवरून एखाद्या कॉम्प्युटरला फोन लावायचे, तिथे एक सूचनाफलक असायचा, त्यावर पत्रं लिहून ठेवायचे, दुसऱ्यांची वाचायचे. जगात काही वेडे लोक ते फलक अजून घरात चालवतात. आता वाट इंटरनेटवरून जाते खरी, पण लॅपटॉप बिचारा अजून समजतो की आपण फोनच लावलाय.

मला काय झालं ते सांगता येत नाही. चोवीस वर्षं मी लोकांच्या लाइनी जोडल्या, पण मला स्वतःला फोन लावायला कुणी नव्हतं. आणि इथे एक यंत्र दुसऱ्या यंत्राच्या कानात कुजबुजत होतं, आणि पलीकडून उत्तर येत होतं!

दुसऱ्या दिवसापासून मी रोज अकरा वाजता दुकानात हजर. मिस्त्रींनी मला तसलाच फोन काढून दिला, त्यात माझं सिम घातलं. ते लॅपटॉप चौकटीत ठेवून द्यायचे, मी माझा फोन दुसऱ्या चौकटीत ठेवायचे आणि खुर्ची ओढायचे. घरी आमचे हे म्हणायचे, "भाजी आणायला अडीच तास?" मी म्हणायचे, "मेथी तिथेच निवडून घेते." खोटं नव्हतं. जोडणी व्हायला एवढा वेळ लागायचा की एक जुडी सहज निवडून व्हायची.

असे दोन महिने गेले असतील. मग थोरल्या भावानं निर्णय दिला. दिवाळीच्या गर्दीआधी मागच्या भागात मोबाइलच्या काचा बसवायचं नवं काउंटर येणार. दसऱ्याला दुपारी कुदळवाडीच्या भंगारवाल्यांचा टेम्पो सांगितलाय, तोवर ती खोकी हलली पाहिजेत. नाही हलली तर टेम्पोत. तिथे गेल्यावर काय होतं ते मिस्त्रींनी मला एकदाच सांगितलं. हातोडीनं फोडतात, तांबं वेगळं, प्लास्टिक वेगळं. सांगताना ते स्पोकच्या बिजागरीवरून अंगठा फिरवत होते.

त्यांनी खूप फोन केले. शेवटी राजगुरुनगरजवळच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिका सापडल्या. विद्यार्थ्यांना हातानं चालवून बघता येतील अशा जुन्या यंत्रांची खोली त्या उभी करत होत्या. फोनवरच म्हणाल्या, "काचेच्या कपाटात मांडायला मला मढी नकोत. दसऱ्याला बहिणीकडे थेरगावला येतेय. माझ्यासमोर एकाला तरी वायरीशिवाय जोडून दाखवा, सातही नेते. नाही जोडलं तर एकही नाही."

म्हणजे हिशेब सरळ होता. लागलं तर राजगुरुनगर, नाही लागलं तर कुदळवाडी.

आता या पार्श्वभूमीवर बासष्ट वर्षांच्या त्या पोरीनं काय करावं? आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या सगळ्या पट्ट्यात त्या दिवशी यंत्रं पुसतात, झेंडूचे हार घालतात, प्रेस असो की लेथ, कपाळाला हळदकुंकू लावतात. मी कंपनीत माझ्या बोर्डाला लावायचे. मनात म्हटलं, उद्या या सातांची परीक्षा आहे आणि यांच्या कपाळाला कुंकू नाही? मिस्त्री संध्याकाळच्या नमाजाला गेले, थोरला भाऊ पुढे गिऱ्हाइकांत गुंतला, आणि मी पिशवीतून ताम्हन काढलं.

प्रश्न एकच होता, लॅपटॉपचं कपाळ कुठे? सगळं अंग काळं आणि राखाडी. आणि मग ती काच दिसली. लाल, चकचकीत, बोटाच्या पेराएवढी. कुणी कुंकवासाठीच जागा राखून ठेवल्यासारखी. सातांनाही बरोब्बर तिथेच लावलं. माझ्या फोनच्या डोक्यावर तसलीच काच होती, मग त्यालाही. एवढ्या नेमानं तर मी स्वतःच्या कपाळालाही लावत नाही.

मिस्त्री परत आले. फळीसमोर उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

"छान दिसतायत, काकू," म्हणाले, आणि मी दिलेला पेढा खाल्ला. नजर मात्र त्या काचांवरून हलत नव्हती. मला वाटलं, भारावले.

दसऱ्याला तीनच्या सुमाराला प्राध्यापिका आल्या. सुती साडी, खांद्याला झोळी, हातात वही, चेहऱ्यावर परीक्षेला बसवायचा भाव. मी नवी साडी नेसून गेले होते, जणू माझ्याच मुलीला बघायला आले होते. मिस्त्रींनी सर्वांत चांगला लॅपटॉप मोठ्या चौकटीत ठेवला. मी फोन लहान चौकटीत ठेवला. चिन्ह लुकलुकायला लागलं.

लुकलुकत राहिलं.

दोन मिनिटं कुणी सापडलं नाही की तो फोन आपणहून गप्प होतो. झाला गप्प. मिस्त्री म्हणाले, उन्हाचा त्रास होत असेल. शटर अर्धं ओढलं. पुन्हा दोन मिनिटं. मग जवळ सरकवले. मग लॅपटॉप बंद करून चालू केला, त्याला उठायला पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात मी प्राध्यापिकांना पेढा दिला, पाणी दिलं, माझा सगळा नोकरीचा इतिहास दिला. पुन्हा लुकलुक. मग दुसरा लॅपटॉप. मग तिसरा. मिस्त्रींच्या कपाळावर घाम, आणि हातातलं फडकं सारखं यंत्रावर फिरतंय.

"एक विचारू?" प्राध्यापिका म्हणाल्या. "हे याआधी कधी लागलं होतं का?"

"लागलं होतं का?" मी उसळले. "अहो, परवा याच्यावरून मी फिनलंडच्या माणसाचं मांजर आजारी असल्याचं पत्र वाचलंय!"

"मी वाचलेलं नाही ना," त्या शांतपणे म्हणाल्या आणि वहीला टोपण लावलं. म्हणजे पेनाला. मी इतकी घाबरले होते की मला वहीच मिटल्यासारखी दिसली.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरनं अर्ध्या शटरखालून डोकं घातलं.

"भाऊ, भरू का? पुढं आळंदीला जायचंय मला."

"पाच मिनिटं," मिस्त्री म्हणाले.

"पाचच हं, राव."

मिस्त्रींनी चौथा लॅपटॉप उचलला आणि पुन्हा फडक्यानं पुसायला घेतला. आणि तेव्हा मला दिसलं. ते झाकण पुसत होते, कडा पुसत होते, कोपऱ्यातली धूळ काडीनं काढत होते, आणि कुंकवापाशी आलं की फडकं वळसा घेऊन पुढे जात होतं. नदीतल्या खडकाला पाणी वळसा घालतं तसं. चारही लॅपटॉप आरशासारखे चकचकीत, आणि प्रत्येकावर माझं कुंकू जसंच्या तसं, अक्षतांसकट.

"भाई," मी म्हटलं, "एवढं पुसताय, मग तेवढंच का सोडताय?"

"राहू द्या काकू."

"का राहू द्या? यांचं बोलणं निघतं कुठून, तेवढं सांगा मला. ऑपरेटर होते मी. लाइन कुठून निघते ते कळल्याशिवाय मी जोडणार कशी?"

प्राध्यापिका चष्म्यातून आळीपाळीनं आमच्याकडे बघतायत. बाहेर हॉर्न.

"भाई!"

"तिथूनच निघतं," ते अगदी हळू म्हणाले. "त्या काचेतून."

"कुठल्या काचेतून?"

"कुंकवाखालच्या."

मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

"आणि तुम्हाला कालपासून माहीत आहे?"

"अंदाज होता. म्हटलं, थोडं जाईल आरपार. बाकी सगळं करून बघावं आधी."

"अहो, पण पुसलं का नाहीत?"

"तुम्ही मनापासून पूजा केलेली. तुमचा देव आहे तिथे. मी कसं फडकं मारू, काकू? मी मारलं तर ते वेगळं दिसतं."

"देव?" मी ओरडले. "देवाला या लॅपटॉपात कशाला कोंबताय, भाई! द्या इकडे!"

पदराचं टोक ओलं केलं, कशानं ते विचारू नका, आणि घासलं. घासल्यावर ते कुंकू आणखी पसरलं. आता काच सोडून सगळा कोपरा लालभडक. प्राध्यापिका हसत होत्या की खोकत होत्या, कोण जाणे. मिस्त्रींनी स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता परवानगी आहे ना?"

"परवानगी कसली मागताय, घासा!"

त्यांनी लॅपटॉपची काच घासली, मी फोनची. दोघं चौकटीत ठेवले. मला फोन तीनदा सरळ करावा लागला. चिन्ह लुकलुकलं. एकदा, दोनदा.

स्थिर!

मी काय ओरडले ते आठवत नाही, पण थोरला भाऊ पुढून धावत आला, त्याला वाटलं शॉक बसला. नंबर लागला. वाट पाहिली. जोडलं गेलं. आणि मग आली ती अक्षरं, ओळीमागून ओळ, सावकाश, पडद्याच्या वरून खाली. प्राध्यापिकांनी झोळी खाली ठेवली आणि न विचारता माझ्या खुर्चीवर बसल्या.

त्या दिवशी नशीबही हात धुऊन मागे लागलं होतं, पण चांगल्या अर्थानं. फलक चालवणारा तो फिनलंडचा माणूस त्या वेळी स्वतःच्या घरी जागेवर होता. त्यानं आम्हाला आलेलं बघितलं आणि थेट लिहायला लागला. त्याची अक्षरं एकेक उमटताना दिसायची. चुकला की मागे जाऊन खोडतानाही दिसायचा. आमच्याकडे सकाळपासून पाऊस आहे, तुम्ही कुठून, तिकडे काय चाललंय, असं त्यानं इंग्रजीत विचारलं.

"काय सांगू याला?" प्राध्यापिका म्हणाल्या. आता त्यांचा आवाज बदलला होता.

"सांगा, आज आमच्याकडे सगळे एकमेकांना सोनं वाटतात."

"त्याला खरं वाटेल हो."

"वाटू दे की!"

त्यांनी दोन बोटांनी टकटक करत लिहिलं. पलीकडे काहीतरी उमटलं, खोडलं गेलं. मग एकेक अक्षर करत उत्तर आलं, की पुढच्या वर्षी मी येतो. प्राध्यापिका अशा हसल्या, की चष्मा उतरवावा लागला. मग झाडाची पानं असतात म्हणून लिहायला घेतलं, आणि निम्म्या वाक्यात सगळं थांबलं. पडदा गोठला. माझा फोन वाजत होता.

आमचे हे. "श्रीखंड कुठल्या डब्यात आहे?"

"निळ्या झाकणाच्या! ठेवा फोन!"

पण तोवर पलीकडचा माणूस गेला होता. मिस्त्रींचा चेहरा उतरला. "फोन आला की नेट थांबतं, मॅडम," ते म्हणाले. "जुनं आहे ना. पुन्हा लावतो, दोन मिनिटं..."

"नको, नको," प्राध्यापिका म्हणाल्या. मला वाटलं, संपलं. त्या उठल्या, पडद्यावरचं अर्धं वाक्य बघत उभ्या राहिल्या. "हेच पाहिजे मला. माझ्या पोरांना हे माहीतच नाही. मधेच घरचा फोन येतो आणि बोलणारा माणूस हातातून जातो, हे त्यांना कपाटातल्या यंत्राकडे बघून कसं कळणार? उद्या कॉलेजची गाडी पाठवते. सगळे द्या."

शटरखालून पुन्हा डोकं आलं. "भरू का?"

"भरायचं काही नाही," मिस्त्री म्हणाले.

"मग बोलावलं कशाला, राव? सणाच्या दिवशी!"

तो चिडला होता आणि बरोबर चिडला होता. मी त्याला आपट्याची पानं दिली, उरलेले चार पेढे दिले आणि फिनलंडचा माणूस पुढच्या वर्षी येणार असल्याचंही सांगितलं. त्यानं पेढे खाल्ले. बाकीचं त्याच्या डोक्यावरून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजची गाडी आली. मी घरून जुन्या चादरी नेल्या होत्या. मिस्त्री एकेक यंत्र चादरीत गुंडाळून गाडीत ठेवत होते, तान्हं मूल ठेवावं तसं, आणि ड्रायव्हरला प्रत्येकाच्या खोडी सांगत होते. याला उताणा ठेवू नका, त्याचं झाकण दोन्ही हातांनी उघडा. मी चादरी संपल्यावर बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आनंद झाला होता, नाही कसं म्हणू? पण आत जाऊन रिकामी फळी बघायची हिंमत होईना. कालपर्यंत एवढी उड्या मारणारी बाई, आणि आता एखाद्या सासुरवाशिणीच्या आईसारखी पदराशी चाळा करत बसलेली. हसूच आलं मला माझं.

गाडी वळून गेली. मिस्त्री हात पुसत ओट्यापाशी आले. थोरला भाऊ आत नव्या काउंटरची मापं घेत होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा मान वळवून पाहिलं. मिस्त्री म्हणजे गिऱ्हाइकाशी कधी खोटं न बोलणारा माणूस, खराब चार्जर असला तर स्वतःहून परत घेणारा. ते खाली वाकले आणि अगदी हळू म्हणाले,

"काकू, सहाच दिलेत. सातव्याचा पडदा गेलाय म्हणून कळवलं मी मॅडमना. गेलेला नाहीये. माझ्या घरी आहे, बायकोनं शिलाई मशीनशेजारी जागा करून दिलीय. उद्यापासून तिकडेच या, आणि फोन पूर्ण चार्ज करून आणा, तुमचा कायम अर्धाच असतो."